दिव्याला सोबत

वेस्ट मांबलमला करंट गेला की पोरं गच्चीवर आणि डास पोरांवर, हे ठरलेलं. दोन हजार नऊचा एप्रिल. उकाडा असा की गच्चीवर पापड टाकले असते तर वाळायच्या आधी भाजले असते. राघोत्तममामा आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, पायाशी मच्छर कॉइल, समोर चार-पाच कार्टी.

"मामा, भुताची सांगा," तन्मय म्हणाला. "पण खरी हं. मागच्या वेळची चिंचेखालची नको. ती ऐकून आमची मांजरसुद्धा झोपली."

"सांगतो. आधी तू निधीची वेणी माझ्या खुर्चीला बांधलीयस ती सोड."

निधीनं मागे हात नेला, किंचाळली, आणि तन्मयच्या पाठीत जो धपाटा बसला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार.

मामांनी सावकाश पानाला चुना लावला. "भुताला घर कसलं लागतं रे?"

"पडकं."

"खुळ्या, नवं कोरं. प्लास्टरसुद्धा ओलं. आमच्या रत्नाकरचं. आवडी म्हणून गाव आहे ना, तिथल्या सरकारी फॅक्टरीत स्टोअरला होता तो, माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्यानं स्वतः मला सांगितलंय. आणि रत्नाकर खोटं बोलत नाही. खोटं बोलायला डोकं लागतं."

पोरं हसली. मामा नाही हसले. आणि सुरू झाले.

रत्नाकर मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी इकडं आला, तंजावरकडच्या मराठी घरातली सुनंदा केली, आणि सरकारी क्वार्टरमध्ये असा रुजला की आपण कधी तरी रिटायर होणार हेच विसरला. आठवण झाली तेव्हा केस पांढरे झालेले. मार्चमध्ये रिटायरमेंट, त्यानंतर क्वार्टर खाली करायचं. साताऱ्याच्या घरात भावाची सुनबाई नांदतेय, तिथं याला पडवीसुद्धा नाही. मग आयुष्यभराचं होतं नव्हतं ते घातलं एका फ्लॅटमध्ये. मडिपाक्कमच्याही पुढं, जिथं बस वळून परत येते, तिथून आणखी आत. दलदलीच्या काठाला नवी बिल्डिंग. तिसरा मजला, रस्त्याकडची बाजू. ते घर मिळालं तर म्हातारपण, नाही मिळालं तर रस्ता. इतकं साधं होतं ते.

आणि इकडची गंमत ऐका. इथं रजिस्टर होतो तो जमिनीचा वाटा. बिल्डिंगखालच्या जमिनीतला तुमचा एवढासा तुकडा, तोही कुठला ते दाखवता येत नाही. फ्लॅटचं काय? त्याचा प्रमोटरबरोबर वेगळा करार. तिसरा मजला, रस्त्याकडचा, असं त्यात लिहायचं आणि सही ठोकायची. म्हणजे जमीन सरकारच्या भरवशावर, आणि घर प्रमोटरच्या.

"प्रमोटर म्हणजे बिल्डर ना?" निधीनं विचारलं.

"तोच. कपाळाला विभूती, हातात तीन अंगठ्या. 'सार, पोंगलच्या आत चावी' म्हणायचा. कुठला पोंगल ते नाही सांगायचा."

तर डिसेंबर उजाडला. दोन हजार सहाचा. लिफ्टच्या जागी नुसतं भोक, जिन्याला कठडा नाही, वर लाइट नाही. पण सुनंदाच्या आईनं, विजयलक्ष्मीबाईंनी, पंचांग काढलं. त्यांची मराठी जुनी, तंजावरची. जावयाला त्या माप्पिळै म्हणायच्या, तमिळमध्ये जावयाला म्हणतात तसं.

"माप्पिळै, शनिवारीं मार्गळी लागते. मार्गळींत नव्या घरीं पाऊल ठेवूं नये. मग थै येईपर्यंत थांबणें. शुक्रवारीं कार्तिकैचा शेवट. शुक्रवारींच पाल काचणें."

आता पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे, तन्मय, दात काढू नकोस. पाल म्हणजे दूध, काचणं म्हणजे तापवणं. नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटवून दूध उतू जाऊ द्यायचं, ते गेलं की घर तुमचं. इकडं रजिस्ट्रारपेक्षा त्या दुधाला मान. कार्तिकै, मार्गळी, थै हे इकडचे ओळीनं येणारे महिने, मार्गळी म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष. रत्नाकरला वाटलं, आपल्याकडं तर मार्गशीर्ष किती चांगला महिना. पण सासूपुढं पंचांग वाचायची त्याची छाती नव्हती.

सुनंदाचा भाऊ वेंकोबा, कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये बसून बसून वकिली शिकलेला. रत्नाकरला तो अत्तान म्हणायचा, म्हणजे दाजी. तोही म्हणाला, "अत्तान, बरोबर आहे आईचं. दूध उकळा, कुलूप घाला, एक रात्र राहा. एकदा आत बसलात की कुणाच्या बापाला तुम्हाला हलवता येत नाही. कोर्ट पहिलं काय विचारतं? आत कोण आहे? कब्जा हेच खरं. कुणी आलं, रडलं, पाया पडलं तरी दार उघडायचं नाही."

"कोण येणार आहे रडायला?" रत्नाकर म्हणाला.

वेंकोबानं खांदे उडवले.

शुक्रवारी, पंधरा डिसेंबरला, पहाटे सगळी वरात निघाली. गाय आणली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत गाय आली, तिथं जिन्यात बसली ती बसलीच. गुराखी शेपटी पिळतोय, भटजी घड्याळ बघतायत, गाय आपली रवंथ करतेय. शेवटी भटजी म्हणाले, गाईची सावली वरपर्यंत पोचली असं धरू. गाईचं शेण मात्र जिन्यात पोचलं, त्यात वेंकोबाचा नवा बूट.

वर स्वयंपाकघरात तीन विटा मांडल्या, त्यांच्या मधे स्टोव्ह, वर नवं पातेलं, दूध. सगळे कोंडाळं करून उभे. दूध तापलं, वाफा आल्या, साय धरली… पण वर येईना. ज्योत वाढवली. दूध आटायला लागलं, कडेनं करपायला लागलं, पण उतू म्हणून जाईना. विजयलक्ष्मीबाईंचे ओठ पुटपुटायचे थांबले. तेवढ्यात रत्नाकरची लेक, प्राची, शाळेत नाव काढलेलं नंबर एकचं कार्टं, तिनं वाकून बघितल्यासारखं केलं आणि कोपरानं पातेलं कलंडवलं. दूध सांडलं.

"उतू गेलं!" प्राची ओरडली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदानं लेकीकडं बघितलं.

दुपारी स्टोव्ह, पातेलं, पाट, सगळं परत नेलं. फक्त समई राहिली.

"दिवा एकला सोडूं नये," विजयलक्ष्मीबाई निघताना म्हणाल्या. "पहिल्या रात्रीं दिव्याला सोबत पाहिजे. घरच्याच माणसाची. नाहीं तर दिवा आपली सोबत आपण बघतो."

त्यांचे गुडघे गेलेले, सुनंदाला त्यांच्यापाशी राहणं भाग, प्राचीची परीक्षा. उरला कोण? रत्नाकर.

रात्री साडेआठच्या सुमाराला तो पोचला. खांद्याला चटई, हातात तेलाची बाटली, दहीभाताचा डबा, टॉर्च. गेटवर नारायणस्वामी वॉचमन, डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला.

"सार, तिसऱ्या मजल्यावर? झोपायला?"

"हो. माझंच घर आहे ना."

नारायणस्वामीनं त्याच्याकडं बघितलं, मग गेटकडं बघितलं. "पाऊस येईल सार. खाली माझ्या शेडमध्ये झोपा. खाट आहे."

"आणि समई?"

"समईला काय कळतंय सार…"

पण पुढं बोलला नाही. पगार प्रमोटरचा. रत्नाकर जिना चढला. भिंतीला हात लावत, कारण दुसरीकडं कठडा नव्हता. वर गेला, दाराला आतून कडी घातली, समईत तेल घातलं, भात खाल्ला, चटई पसरली. नव्या सिमेंटचा वास. हॉलमध्ये आडवा पडला आणि छताकडं बघून, काय सांगू, माणूस रडला. आनंदानं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर सरकारचं नसलेलं छप्पर होतं.

पाऊस आला. दलदलीत बेडूक सुरू झाले. त्याला डोळा लागला.

मध्यरात्र उलटून गेली असेल. बेडूक एकदम थांबले. त्या शांततेनंच जाग आली त्याला.

जिन्यावर कुणी तरी चढत होतं. ओल्या चपला. चप्प… चप्प. आणि त्यांच्या मधे मधे लहान पावलं, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून चढणारी. दुसऱ्या मजल्यावर थांबली. कुणी तरी कुणाला तरी कडेवर घेतलं. मग एकच चप्पल वाजत वर आली.

दारासमोर थांबली.

कुलपात चावी फिरली.

रत्नाकर उठून बसला. चावी पूर्ण फिरली, अगदी बरोबर बसली. दार ढकललं गेलं. कडीनं अडवलं.

"आत कोण आहे?" बाईचा आवाज. तमिळ. तरुण. घाबरलेला.

आता रत्नाकरचं तमिळ म्हणजे रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. पण हे कळलं त्याला. "तुम्ही कोण?" तो म्हणाला. "एवढ्या रात्री?"

"अण्णा, हे आमचं घर आहे. दार उघडा."

"तुमचं? चुकलात बाई. मजला चुकला तुमचा."

"तिसरा. रस्त्याकडचा. चावी लागली की, अण्णा."

भुताचा विचार स्वप्नातही नव्हता रत्नाकरच्या. त्याला कळलं ते वेगळंच, आणि त्याहून वाईट. प्रमोटरनं हे घर दोघांना विकलं होतं. दोघांना जमिनीचे वाटे, दोघांना करार, दोघांना चाव्या.

"ए, पण दोन करार कसे होतील?" गच्चीवर तन्मयनं विचारलं.

"प्रमोटरकडं छापील कागद भरपूर होते म्हणून," मामा म्हणाले. "गप."

"बाई," रत्नाकर दारातून म्हणाला, "माझ्याकडं कागद आहेत. आज पाल काचलं आम्ही इथं."

"उतू गेलं?" बाईनं विचारलं.

रत्नाकरनं स्वयंपाकघराकडं बघितलं. "…गेलं."

"आम्हाला कार्तिकैच्या आत काचायचं होतं," ती म्हणाली. "मार्गळी लागली की परत थांबायचं. तीन घरं बदलली अण्णा, भाड्याची. हे गेलेत प्रमोटरकडं विचारायला. येतो म्हणालेत. पाऊस आहे. पोर भिजलंय. जरा आत घ्या, हे आले की बोलतील तुमच्याशी."

"अम्मा, थंडी," लहान आवाज म्हणाला.

रत्नाकर दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला.

आणि ऐका, इथंच सगळं आहे. कडी काढायला कितीसा वेळ लागतो? त्यानं आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं. क्वार्टरमध्ये भिकारी आला तरी हा त्याला खुर्ची द्यायचा. पण त्याच्या कानात वेंकोबा बोलला. आत कोण आहे? कोर्ट पहिलं तेच विचारतं. एकदा ही आत आली, पोराला घेऊन बसली, की पोलीस तरी काढतील का हिला? मग मार्चमध्ये सुनंदाला, म्हातारीला, प्राचीला घेऊन जायचं कुठं?

"उघडा ना अण्णा."

"सकाळी या. तुमचे मिस्टर आणि कागद घेऊन या."

"पाणी चढतंय अण्णा."

"चढू दे. तिसऱ्या मजल्यावर नाही येत."

त्याच्या पायाला गार लागलं.

खाली बघितलं. दाराखालून पाणी येत होतं. बोटभर रुंदीची रेघ, मग हातभर. गढूळ. मातीचा वास. समईच्या दिशेनं.

त्यानं समई उचलली, मागं सरला.

"अम्मा, पाय टेकत नाही," पोर म्हणालं.

हळूच. घाबरून नाही. सांगितल्यासारखं.

"बाई, वॉचमनकडं जा!" रत्नाकर ओरडला. "खाली शेड आहे! खाट आहे!"

तो दोन पावलं पुढं सरला.

"बाई?"

"सरी, अण्णा," ती म्हणाली.

बरं, म्हणाली. एवढंच. रागावली नाही, रडली नाही. जसं घरमालकानं जा म्हटल्यावर भाडेकरू म्हणतो.

तो ऐकत राहिला. पावलं खाली जातील.

गेली नाहीत.

पाऊस थांबला. पाणी सरकायचं थांबलं. तो दाराकडं तोंड करून उभा. हातात समई.

मग…

त्याच्या मागं. स्वयंपाकघरात.

लहान पावलं धावली. ओली. थप थप थप. थांबली.

पातेलं वाजलं.

पातेलं नव्हतं तिथं. दुपारीच नेलेलं.

काडी ओढल्याचा आवाज. आणि वास… दुधाचा. तापत्या दुधाचा.

रत्नाकरनं मान वळवली नाही. वळत नव्हती.

दूध वर येतं तेव्हा आवाज येतो बघा. आधी सळसळ. मग फुसफुस. तो आवाज वाढला. वाढला.

चर्रर्र…

विटांवर सांडलं.

पोरानं टाळ्या वाजवल्या. बाई हसली. खूप दिवसांनी हसतं माणूस, तसं.

समोर दार. दारावर त्याची सावली. समईच्या उजेडात हलत होती.

तिच्या शेजारी आणखी एक.

दोघींच्या मधे… छोटी.

छोटीनं हात वर केला. त्याच्या सावलीचा हात धरला.

हाताला गार लागलं.

गच्चीवर कुणी हललं नाही. कॉइलचा निखारा तेवढा. तन्मयनं आपले पाय खुर्चीखालून काढून वर घेतले, कुणाच्या लक्षात येणार नाही असे.

मामांनी पान थुंकलं.

सकाळ झाली ती देवळाच्या भोंग्यानं. मार्गळीचा पहिला दिवस, अंधार असतानाच भजनं लागली. रत्नाकर तसाच उभा. समई हातातच, तेल संपत आलेलं. फरशी कोरडी. स्वयंपाकघरात दोन विटा उभ्या, एक आडवी, जशा ठेवल्या होत्या तशाच.

आणि कुलपात परत चावी फिरली.

रत्नाकरनं या वेळेला कडी काढली.

दारात एक माणूस. चाळिशी, दाढी वाढलेली, साधा शर्ट. हातात दुधाची पिशवी आणि जाईचा गजरा. रत्नाकरला बघून तो दचकला नाही. दमलेल्या माणसाला दचकायचाही कंटाळा येतो.

"तुम्हालाही दिलं का हे घर?" त्यानं विचारलं.

तो गुरुमूर्ती. अण्णा नगरला कुठल्याशा शाळेत गणित शिकवायचा. जिन्यात बसूनच बोलला. वर्षापूर्वी, दोन हजार पाचला, तो मोठा पाऊस झाला बघा. कार्तिकैच्या शेवटच्या दिवशी ही तिघं पाल काचायला आली. त्याची बायको कनका, तीन वर्षांची पोर रंजनी. बिल्डिंग अर्धीच, चावी होती, पण दारावर प्रमोटरनं आणखी एक टाळं ठोकलेलं. गुरुमूर्ती त्यांना खाली आडोशाला उभं करून फोन करायला गेला, प्रमोटरला. आवारात गुडघाभर पाणी. खाली पाण्याची टाकी, सम्प, त्याच्यावर झाकण नव्हतं. पाण्यात दिसत नव्हतं कुठं जमीन संपते ते. आधी पोर गेली. मग पोरीच्या मागं आई.

"वर्षभर केस चालली आहे," गुरुमूर्ती म्हणाला. "घर पण अडकलंय त्यात. तुम्हाला प्रमोटरनं सांगितलं नसेल."

"नाही," रत्नाकर म्हणाला. मग न राहवून म्हणाला, "रात्री… त्या आल्या होत्या."

गुरुमूर्तीनं वर बघितलं. आश्चर्य नाही. त्या तोंडावर हेवा होता. रत्नाकर मला म्हणाला, राघोत्तम, हेवा होता.

"मी येतो तेव्हा येत नाही ती," गुरुमूर्ती म्हणाला. "काय म्हणाली?"

"दार उघडा म्हणाली."

"उघडलंत?"

रत्नाकरनं हातातली समई पायरीवर ठेवली.

गुरुमूर्ती उठला, खाली गेला, सम्पच्या झाकणावर, आता झाकण होतं, दुधाची पिशवी फोडून ओतली, गजरा ठेवला. गेटमधून जाताना वळला.

"पाऊस होता, सार," एवढंच म्हणाला. "उघडायचं होतं."

पुढचं काय सांगायचं? भुताचा भाग संपला, कोर्टाचा लागला, तो जास्त भयंकर. दोन्ही बाजूंना तारखा. कोर्टानं घराला सील ठोकलं, कुणीच आत जायचं नाही. प्रमोटर दुसरीकडं बिल्डिंगा बांधतोय. रत्नाकर मार्चमध्ये रिटायर झाला, क्वार्टर गेलं. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, मालक अकरा महिन्यांच्या वर करार वाढवत नाही, घरं बदलतात. म्हातारी गेल्या वर्षी गेली, भाड्याच्या घरात, आणि मालक म्हणाला तेरावं इथं नको. सुनंदा त्या फ्लॅटचं नाव काढत नाही. रत्नाकर पहाटे उठून बसतो. कुणी दार वाजवलं की धावतो, कोण आहे न विचारता उघडतो. पोस्टमन असतो. सेल्समन असतो. एकदा चोर होता.

"मग त्यानं विकून का नाही टाकलं?" निधीनं विचारलं. आवाज बारीक झालेला.

"काय विकणार, पोरी? कुठला तुकडा त्याचा, ते तरी कुणाला माहितेय?"

या फेब्रुवारीत कोर्टानं माणूस पाठवला, कमिशनर म्हणतात त्याला, घराची अवस्था लिहून घ्यायला. दोन्ही पार्ट्या हजर पाहिजेत. रत्नाकर गेला, गुरुमूर्ती आला. दोघं जिना चढले, एकमेकांशी न बोलता. सील नीट होतं, लाख अखंड. कमिशनरनं तोडलं. आत धूळ, दोन वर्षांची. त्या धुळीवर पाऊल नाही कुणाचं, उंदराचंसुद्धा.

कमिशनर खिडक्या मोजत आत गेला. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबला. "हे कुणी केलंय? इथं राहत होतं कोण?"

चौकटीशेजारी भिंतीवर आडव्या रेघा होत्या. हळदीच्या. बोटानं ओढलेल्या. पोरांची उंची मोजतात ना, पाठ भिंतीला लावून, तशा. एकाच्या वर एक.

गुरुमूर्ती तिथंच खाली बसला.

"भाड्याच्या घरी मालक भिंतीला हात लावू द्यायचा नाही," तो म्हणाला. "कनका म्हणायची, आपल्या घरी गेलो की मोजू."

सगळ्यात खालची रेघ तीन वर्षांच्या पोरीएवढी. तिच्यावर दुसरी. मग तिसरी. सगळ्यात वरची रत्नाकरच्या कमरेच्या वर. सहा-सात वर्षांची पोर असते, तेवढी.

रत्नाकरनं त्या वरच्या रेघेला बोट लावलं.

ओली होती.